बंदूक घरात आहे, पण परवाना कुणाच्या नावावर?



भाताच्या करप्यावर चार गोष्टी सांगायला म्हणून मी गावात जातो आणि बोलणे संपता संपता विषय निघतो तो रानडुकराचा. राधानगरी, भुदरगड, आजरा या बाजूच्या गावांतून तर हे ठरलेलेच आहे. परवा एका देवळात सभा होती. एक म्हातारबाबा उठून म्हणाले, "सायेब, करप्याचं औषध सांगितलंसा ते बरं झालं, पर डुकराचं काय?" मागून एक जण म्हणाला, "म्या तर बंदूकच घ्यावी म्हनतोय." तिसऱ्याने लगेच छाती पुढे काढली, "माज्याकडं हाय की! आज्याची हाय, ठासणीची." मी विचारले, "परवाना कुणाच्या नावावर?" तेव्हा तो गडी हसला आणि म्हणाला, "आज्याच्याच की." आजोबांना जाऊन किती वर्षे झाली ते मी मग विचारले नाही. सभेत सर्वांसमोर विचारण्यासारखा तो प्रश्न नव्हता. सभा सुटल्यावर मात्र त्याला बाजूला घेऊन तासभर बोललो. त्या तासाभरात जे सांगितले तेच येथे लिहीत आहे.

मी शेतीचा पदवीधर, वकील नव्हे. तरीही हा कायदा मला शिकावा लागला, कारण ठेच आमच्याच घरात लागली. आमचे मूळ घर घाटाखाली, सिंधुदुर्गात. वडिलांच्या नावावर शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक होती. माकड, डुक्कर आले की ते रात्री मळ्यात जाऊन एक बार काढीत. डिसेंबर २०१७ मध्ये वडील गेले. दिवसकार्य झाले, सातबाऱ्यावर वारसांची नावे लागली, बँकेचे खाते बदलले. बंदूक राहिली माळ्यावर. मला वाटले, धाकटा भाऊ गावी असतो, त्याने ते पाहिले असेल. त्याला वाटले, दादा सरकारी नोकरीत, कायदा जाणतात, त्यांनी केले असेल. मार्च २०१९ मध्ये लोकसभेची निवडणूक लागली आणि हवालदार दारात आले. "अण्णांची बंदूक जमा करायची आहे." आई म्हणाली, "अहो, अण्णांना जाऊन सव्वा वर्ष झालं!" तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आले की सव्वा वर्ष आमच्या घरात बिनपरवाना हत्यार पडून होते आणि त्याचे धनी आम्ही दोघे भाऊ होतो. अंमलदार समजूतदार निघाले, त्यांनी लेखी जबाब घेऊन बंदूक जमा करून घेतली. पण ती रात्र आम्ही दोघांनी जागून काढली, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडचा शस्त्र कायदा १९५९ सालचा आहे आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या आधी इंग्रजांचा १८७८ चा कायदा होता. त्यात गोऱ्यांना सूट आणि आपल्या माणसाला बंदी, असा पंक्तिप्रपंच असे. त्याची चीड किती होती ते पाहा: १९३० साली गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत मिठाच्या कराबरोबर स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत हीही एक मागणी होती. स्वराज्य आल्यावर नवा कायदा झाला तेव्हा शेतकऱ्याचा विचार त्यात मुद्दाम केला गेला. बहुतेकांना हेच ठाऊक नसते.

या कायद्याच्या तेराव्या कलमात दोन प्रकारच्या बंदुकांबद्दल असे म्हटले आहे की इतर अटी पूर्ण होत असतील तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने तो द्यावयाचा आहे. एक, स्वतःच्या रक्षणासाठी किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीची, म्हणजे आतून आटे नसलेली बंदूक, जिची नळी वीस इंचांहून कमी नाही. आणि दुसरी, खरोखरीच्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक. ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर पीकरक्षणासाठी काडतुसाची बंदूकही मंजूर करता येते. पिस्तूल, रायफल वगैरेंसाठी मात्र सबळ कारण दाखवावे लागते आणि ते परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटावे लागते.

याचा अर्थ कोणी असा घेऊ नये की बंदूक बाळगणे हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे. तसा हक्क आपल्या घटनेत नाही. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा शस्त्रांच्या एका प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट केले. कायद्याने परवानगी दिली तेवढेच. पण कायद्याने जे दिले आहे ते मागण्याचा आणि नाकारले तर कारण विचारण्याचा अधिकार मात्र आपला आहे.

अर्ज करताना

खेड्यापाड्यांत अर्ज जिल्हादंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीत जातो. जेथे पोलीस आयुक्तालय आहे तेथे आयुक्तांकडे. अर्जदाराचे वय एकवीस पूर्ण पाहिजे. बाई असो वा पुरुष, कायदा भेद करीत नाही. पीकरक्षणासाठी मागत असाल तर सातबारा, कोणते पीक, किती क्षेत्र आणि पूर्वी नुकसान झाले असेल तर त्याचे पंचनामे जोडावेत. हे पंचनामे जपून ठेवत जा असे मी नेहमी सांगतो, आणि नेहमी पाहतो की ते उंदराने खाल्लेले असतात.

२०१६ च्या नव्या नियमांप्रमाणे अर्जदाराला शस्त्र हाताळण्याचे शिक्षण घ्यावे लागते आणि शस्त्र सुरक्षित ठेवीन अशी लेखी हमी द्यावी लागते. मग अर्जावर जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. येथे गाडे रुतते. "अहवाल आला नाही" हे उत्तर ऐकून माणसे वर्षानुवर्षे हेलपाटे घालतात. त्यांच्यासाठी मुद्दाम सांगतो की अहवालाला नियमांत मुदत घालून दिलेली आहे, आणि मुदतीत अहवाल आला नाही तर अधिकाऱ्याला योग्य वाटल्यास त्याच्याविना निर्णय देता येतो असे कायद्यातच लिहिले आहे. म्हणून तोंडी हेलपाट्यांपेक्षा एक लेखी स्मरणपत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी.

आणखी एक गोष्ट. "तुझ्याकडे जमीनजुमला किती आहे रे, तुला कशाला बंदूक?" असे कोणी म्हणाले तर तेवढ्या कारणावर परवाना नाकारता येत नाही. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही हे एवढेच कारण चालणार नाही, असे चौदाव्या कलमात स्पष्ट आहे. दोन एकरांच्या नाचणीवाल्यालाही डुक्कर सोडत नाही, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते म्हणायचे.

नकार मिळालाच तर त्याची कारणे लेखी नोंदवणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे आणि मागितल्यावर ती थोडक्यात कळवावी लागतात. सार्वजनिक हिताच्या दृष्टीने ती सांगणे बरोबर नाही असे त्याला वाटले तर गोष्ट वेगळी. जिल्हाधिकाऱ्यांच्या नकारावर विभागीय आयुक्तांकडे अपील होते. मुदत तीस दिवसांची आहे. परवाना निलंबित किंवा रद्द झाला तरीही हीच वाट. तेथे आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते. नुसता एखादा खटला चालू आहे एवढ्यावर, सार्वजनिक शांतता-सुरक्षिततेचा विचार न करता, परवाना रद्द करणे बरोबर नाही असे उच्च न्यायालयांनी अनेकदा म्हटलेले आहे. पण तीस दिवस गेले की ही सारी शहाणी वाक्ये कागदावर राहतात, म्हणून आदेश हातात पडेल त्या दिवशीच तारीख लिहून ठेवा.

वनखात्याचा कागद निराळा

आता सर्वांत मोठा गैरसमज. "माझ्याकडे शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, मग मी डुक्कर मारला तर काय बिघडले?" बरेच बिघडते. बंदुकीचा परवाना म्हणजे बंदूक बाळगण्याची मुभा. जनावर मारण्याची मुभा देणारा कायदा निराळा, तो १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. शिकारीला त्यात बंदी आहे. पिकांचे नुकसान करणाऱ्या ठराविक जनावरांबाबत वनखात्याची लेखी परवानगी मिळू शकते. आपल्या राज्यात २०१५ च्या शासन निर्णयाने रानडुक्कर व नीलगाय यांच्याबाबत वनक्षेत्रपालांमार्फत अशी परवानगी देण्याची व्यवस्था झाली. परवानगीच्या अटी त्या कागदावरच असतात, त्या वाचल्याशिवाय घोड्याला हात लावू नये. आणि मारलेले जनावर सरकारचे, तुमच्या चुलीचे नव्हे.

गवा ही तर निराळीच गोष्ट आहे. तो पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. तो पिकात शिरला म्हणून त्याच्यावर गोळी झाडली तर कमीत कमी तीन वर्षांची कैद आहे. शिवाय ज्या शस्त्राने वन्यजीवाचा गुन्हा झाला त्याचा परवाना रद्द करण्याचा आणि दोषी ठरल्यापासून पाच वर्षे नवा परवाना मिळू नये असा आदेश न्यायालय देऊ शकते. जिवावर बेतले आणि चांगल्या हेतूने स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवताना जनावर मेले, तर तो गुन्हा नाही. मात्र त्या वेळी आपण स्वतः कुठलाही गुन्हा करीत नसलो पाहिजे. चोरून शिकारीला गेलेल्या माणसाला ही सवलत नाही.

राधानगरीसारख्या अभयारण्यालगतच्या वाचकांना आणखी एक बंधन आहे. अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नाव नोंदवावयाचे असते, आणि तेवढ्या टापूत नवा परवाना त्यांच्या पूर्वसंमतीवाचून देता येत नाही. अर्ज का अडकला याचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते.

माझे स्वतःचे मत विचाराल तर बंदुकीचा खरा उपयोग आवाजाचा. रात्री बार काढला की कळप उठतो, पण तिसऱ्या-चौथ्या रात्री परत येतो. कुंपण, राखण आणि शेजाऱ्यांनी मिळून पाळी लावणे यांना पर्याय नाही. नुकसान झालेच तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे लेखी अर्ज द्यावा, म्हणजे पंचनामा होऊन भरपाई मिळू शकते. चौथ्या दिवशी आलेल्या माणसाला नियम दाखवताना आम्हालाच वाईट वाटते. कोणी कुंपणात वीज सोडतात, कोणी गावठी बॉम्ब पेरतात. त्याने डुकराआधी गुराख्याचे पोर मरते. तसले काही या लेखाच्या आसपासही आणू नका.

घरातली शिस्त

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. पूर्वी तीन चालत. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. ही सोय म्हणायची, पण पाच वर्षांत माणूस विसरतो. मुदत संपण्याच्या दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज टाकावा. घरातल्या कॅलेंडरवर गाभण म्हशीची तारीख लिहिता ना, त्याच पानावर हीही लिहा. परवान्यावर देशपातळीवरच्या नोंदीचा विशिष्ट क्रमांक आहे का तेही पाहून घ्या. जुन्या परवान्यांवर तो घालून घेण्याची मुदत २०२० मध्येच संपली आहे.

बंदूक दुसऱ्याच्या हातात देण्याबद्दल गावात फार ढिलाई आहे. "जरा दे रे, आज माझ्या मळ्यात डुक्कर आलंय," म्हणून शेजारी मागतो आणि आपण देतो. तो गुन्हा आहे, त्याचा आणि तुमचाही. परवानाधारक सोबत असेल किंवा त्याने लिहून दिले असेल, तर दुरुस्तीला, नूतनीकरणाला किंवा धन्याच्याच वापरासाठी दुसऱ्याने बंदूक नेलेली चालते; त्यापलीकडे नाही. बिनपरवाना बंदूक बाळगण्याला आता कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद आहे. लग्नाच्या वरातीत, जत्रेत हौसेने बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवरदेवाच्या मामाने हे वाचावे.

भगिनींना एक विनंती. भरलेली बंदूक खुंटीला टांगू देऊ नका. बंदूक रिकामी करून कुलपात, दारू-काडतुसे वेगळ्या कुलपात आणि किल्ली अशा ठिकाणी की घरातल्या नातवाला सापडणार नाही. बंदूक चोरीला गेली तर त्याच दिवशी पोलिसांत वर्दी द्यावी. घरची अब्रू जाईल म्हणून लपवू नये. त्या बंदुकीने पुढे काही घडले तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील.

रात्री मळ्यात कोणी माणूस दिसला म्हणून गोळी झाडण्याचा अधिकार परवाना देत नाही. ऊस किंवा नारळ चोरणाऱ्यावर, जिवाला धोका नसताना, झाडलेली गोळी ही स्वसंरक्षणात बसत नाही. आणि झुडूप हलले म्हणून डुक्कर समजून झाडलेल्या गोळीने आपलाच सोबती गेल्याच्या घटना कोकणात आणि घाटावर पुन्हा पुन्हा घडल्या आहेत. टॉर्चच्या उजेडात पूर्ण जनावर दिसल्यावाचून बोट घोड्यावर नेऊ नये.

निवडणुकीत बंदूक जमा करण्यावरून दर वेळी कुरबुर होते. सरसकट सर्वांच्या बंदुका ओढून न्याव्यात असा नियम नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर निवडणूक आयोगाने छाननी समितीची पद्धत घातली आहे. ती समिती प्रत्येकाचा विचार करते आणि ज्यांची जमा करणे आवश्यक वाटते त्यांना तसे कळवले जाते. कळवले तर मुकाट्याने जमा करावी, बंदुकीचा क्रमांक लिहिलेली पावती घ्यावी, आणि निकालानंतर आठवडा उलटला की पावती घेऊन परत आणावी. पुष्कळ जण परत आणायलाच जात नाहीत.

धनी गेल्यावर

आता पुन्हा त्या आजोबांच्या बंदुकीकडे येतो. परवाना हा त्या माणसाबरोबर संपतो, सातबाऱ्यासारखा तो वारसाकडे चालत येत नाही. म्हणून घरातला परवानाधारक गेला की विनाविलंब बंदूक आणि शिल्लक दारूगोळा जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावयाचा आणि पावती घ्यावयाची. एवढ्याने बंदूक गेली असे समजू नका. वारसाला ती आपल्या नावावर परवाना घेऊन परत मिळवता येते, किंवा ज्याला बाळगण्याचा अधिकार आहे अशाला विकून टाकता येते. वारसांत पत्नी, मुलगा, मुलगी यांच्याबरोबर सून, जावई, भाऊ, बहीण यांचाही नियमांत समावेश आहे. बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते. भावकीत अबोला असेल तर आधी तो मिटवा.

याहून चांगला मार्ग म्हणजे धनी हयात असतानाच करून ठेवणे. परवानाधारकाचे वय सत्तर झाले किंवा बंदूक पंचवीस वर्षे त्याच्याकडे असली, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, त्याला आपल्या वारसाच्या नावे परवाना व्हावा म्हणून अर्ज करता येतो. आमच्या वडिलांना दोन्ही लागू होते. २०१६ च्या नियमांत ही सोय होती, मी सरकारी नोकरीत होतो, रोज वर्तमानपत्र वाचत होतो, आणि मला ते ठाऊक नव्हते.

ज्यांच्या घरी आजोबांची बंदूक आजही माळ्यावर आहे, त्यांनी घाबरून ती नदीत टाकू नये, रातोरात कुणाला विकूही नये. जुना परवाना, मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती घेऊन एखाद्या जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा आणि स्वतःहून ठाण्यात जाऊन जमा करावी. उशीर झाला हा दोष राहतोच, पण स्वतः चालत जाणाऱ्याची आणि घरझडतीत सापडणाऱ्याची गोष्ट सारखी नसते. सभेतल्या त्या गड्याने तिसऱ्या दिवशी तेच केले. पावती दाखवायला तो माझ्या कचेरीत आला होता.

आमच्या बंदुकीचे पुढे काय झाले ते सांगतो. धाकट्या भावाने वारस म्हणून अर्ज केला. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला जवळजवळ दोन वर्षे लागली. बंदूक घरी आली तेव्हा नळीला आतून गंज धरलेला होता. भाऊ ती गावच्या लोहाराकडे न्यायला निघाला होता. त्याला थांबवून सांगावे लागले की बंदूक दुरुस्त करणाऱ्यालाही परवाना लागतो. मग परवाना असलेला कारागीर शोधून, परवान्याची प्रत बरोबर देऊन ती दुरुस्त करून आणली. आता ती माळ्यावर नाही, कपाटात कुलपात आहे. किल्ली आईकडे असते.